व्हिक्टोरियाकालीन पोशाख घरीं कसा शिवावा

दोन वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्या चरित्रांतील कांहीं प्रवेश बसविण्याचें ठरलें आणि पोशाखांचें काम मजकडे आलें. शिवणकामाचा तास मी पुष्कळ वर्षें घेत आलें आहें. परकर, पोलकीं, गणवेश यांची बेतणी डोळे मिटून करतां येईल असा मला भरंवसा होता. एका प्रवेशांत, १८६० सालीं लंडनमधील एक श्रीमंत बाई नाइटिंगेलच्या नव्या परिचारिका-शाळेची चौकशी करावयास येते. त्या बाईचा झगा शिवावयाचा म्हणतांच मीं एक जुनें चित्र समोर ठेविलें, मुलीचें माप घेतलें, नऊ वार छापील सुती कापड आणिलें आणि पंधरा दिवसांत झगा पुरा केला. रंगीत तालमीच्या दिवशीं मुलीनें आंत घेराचा सांगाडा बांधला, वर झगा चढविला, आणि झगा पुढून चांगला पांच इंच वर उचलला गेला! आंतील नाड्यांच्या गांठींमुळें कंबरेचे हुक लागेनात तें निराळेंच.

चूक सर्वस्वीं माझी होती. जे कपडे आंत घालावयाचे ते आधीं शिवून, ते सर्व अंगावर चढवून, मगच वरच्या झग्याचें माप घ्यावयाचें असतें, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानांत आली नव्हती. तो झगा उसवून पुन्हां जोडतांना जें शिकावें लागलें तें येथें लिहीत आहें. पुढें एखाद्या आईला किंवा मोठ्या बहिणीला असाच प्रसंग आला तर तिचे पंधरा दिवस तरी वांचतील.

प्रथम साल ठरवावें. व्हिक्टोरिया राणी १८३७ सालीं गादीवर आली व १९०१ सालीं वारली. एवढ्या काळांत स्त्रियांच्या पोशाखाचा आकार इतक्या वेळां बदलला कीं नुसता ‘व्हिक्टोरियन झगा’ म्हणणें म्हणजे नुसतें ‘भारतीय जेवण’ म्हणण्यासारखें आहे. १८४० च्या दशकांत घेर एकावर एक घातलेल्या अनेक परकरांनीं उभा राही; त्यांतील एखादा घोड्याच्या केसांच्या विणीचा, ताठ असे. घोड्याच्या केसाला फ्रेंच भाषेंत ‘क्रिन’ म्हणतात, त्यावरूनच ‘क्रिनोलिन’ हें नांव पडलें. १८५६ सालीं पोलादी कड्यांच्या पिंजऱ्याचें पेटंट घेतलें गेलें आणि पांचसहा परकरांचें ओझें एका हलक्या सांगाड्यानें उतरलें. पुढील दहा वर्षांत हा वाटोळा घेर हळूहळू पाठीमागें सरकला. १८७० नंतर कंबरेच्या मागें उशीसारखा फुगवटा आला. १८८० च्या सुमारास झगा अंगासरशी अरुंद झाला. १८८३ नंतर फुगवटा पुन्हां परतला. आणि १८९५ सालीं बाह्याच फुग्यासारख्या झाल्या. या प्रत्येक आकाराचे आंतील कपडे निरनिराळे आहेत. १८८५ च्या झग्याखालीं १८६० चा घेर घातला तर घोड्यावर उंटाचें खोगीर चढविल्यासारखें दिसेल.

सालाची ही गोष्ट मीं नाटकांतहि चुकविली असती. प्रथम आम्ही नाइटिंगेलच्या भूमिकेलाहि घेर देणार होतों. पण ती स्कूटारीच्या रुग्णालयांत गेली १८५४ सालीं, म्हणजे पोलादी घेर निघण्याच्याहि आधीं. शिवाय तिला या घेराचा मनस्वी तिटकारा होता. १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत तिनें स्पष्ट लिहिलें आहे कीं रेशमाची सळसळ आणि क्रिनोलिनचा वावर रोग्याला जितका त्रास देतो तितका गुण त्याला औषधानेंहि येत नाहीं. तिला आम्ही काळा साधा झगा, पांढरी कॉलर व पांढरी टोपी दिली. घेर फक्त पाहुण्या बाईला.

कापडाविषयीं थोडें. आंतील सर्व कपडे पांढऱ्या सुती कापडाचे करावेत, कारण ते उकळून धुवावे लागत. यासाठीं इंग्लंडांत जें तलम कापड वापरीत त्याला ते ‘नेनसूक’ म्हणत. हा आपला ‘नैनसुख’ शब्द आहे. ‘कॅलिको’ हें नांव कालिकत बंदरावरून आणि ‘चिंट्झ’ हें आपल्या छिटावरून गेलें. म्हणजे त्या बाईच्या अंगावरील निम्म्या वस्त्रांचीं नांवें हिंदी महासागर ओलांडून गेलेलीं होतीं. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतांना लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हां वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरांतून तिकडे लोटला. मुंबईंत पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपतांच १८६५ सालीं तो ओसरून कित्येक पेढ्या बुडाल्या. तेव्हां या घेरदार झग्यांत आपल्या काळ्या जमिनीचाहि कांहीं धागा असला पाहिजे.

आतां शिवणीला बसूं. पहिला कपडा शेमीज. हा अंगाला लागून असणारा, गुडघ्यापर्यंत येणारा, रुंद गळ्याचा व आखूड बाह्यांचा सैल अंगरखा होय. त्याचें काम घाम टिपण्याचें. वरचा झगा सहसा धूत नसत. रेशमाचा किंवा रंगीत लोकरीचा असला तर तो धुतां येतहि नसे. म्हणून घाम आणि मळ शेमिजीनें अडवावा व ती आठवड्याला बदलावी अशी योजना होती. जुन्या पद्धतीच्या बेतणींत सारे तुकडे चौकोनी किंवा त्रिकोणी असतात. वरच्या बाजूनें तिरपा तुकडा कापावा आणि तोच उलटा करून खालच्या घेराला जोडावा, म्हणजे कापड वाया जात नाहीं. काखेखालीं एक चौकोनी तुकडा तिरपा बसवितात, त्यामुळें हात वर केला तरी शिवण फाटत नाहीं. आपल्याकडील जुन्या सदऱ्यांतहि बगलेला असाच तुकडा घालीत. सुमारें अडीच वार कापड पुरतें. शिवणी दुहेरी मोडून चपट्या कराव्यात, नाहींतर वरच्या कॉर्सेटखालीं त्या रुततात.

दुसरा कपडा गुडघ्याखालीं येणारी तुमान. तिचे दोन पाय स्वतंत्र असून ते फक्त कमरपट्ट्याला जोडलेले असतात. वरून एवढे कपडे चढविल्यावर तशीच तुमान सोयीची. पायाच्या कडेशीं तीनचार आडव्या चुण्या घालाव्यात. त्या शोभेच्या वाटतात. परंतु वाढत्या मुलीच्या कपड्यांत दर वर्षीं एकेक चुणी उसवून लांबी वाढवीत, हा त्यांचा खरा उपयोग. काटकसरीच्या घरीं आपल्याकडेहि मुलींच्या परकरांना अशा चुण्या घालीतच असत.

तिसरा कपडा कॉर्सेट. येथें माझ्या मैत्रिणी थबकतात, आणि त्यांचें थबकणें योग्य आहे. कॉर्सेटविषयीं दंतकथा फार. कंबर बारीक करण्यासाठीं बायका बरगड्या कापून घेत असें लोक सांगतात. याला कसलाहि विश्वसनीय पुरावा नाहीं. संग्रहालयांत ठेविलेलें एखादें कॉर्सेट कंबरेला वीस इंच भरतें हें खरें, पण तें पाठीमागें पूर्ण मिटवून मोजलेलें असतें. अंगावर घालतांना मागें दोन इंच किंवा त्याहूनहि अधिक फट ठेवीत. म्हणून वीस इंची कॉर्सेटवरून वीस इंची कंबर धरूं नये. तरी कांहीं तरुणी अति आवळीत हेंहि खरें, आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रानें त्याविरुद्ध वारंवार लिहिलें आहे. परंतु सर्वसाधारण स्त्रीच्या दृष्टीनें कॉर्सेट म्हणजे पाठीला व छातीला आधार देणारा, परकरांच्या नाड्या कंबरेंत रुतूं न देणारा एक ताठ कपडा होता. स्वयंपाकिणी व मोलकरणीहि तो घालून दिवसभर काम करीत.

आपल्या कामासाठीं तो दोन पदरी पांढऱ्या ड्रिलचा करावा. एक वार पुरे. प्रत्येक तुकड्याचा कंबरेवरील आडवा धागा सरळ राहील अशीच बेतणी करावी. कापड जरा जरी उरेब झालें तरी दोन तासांत कॉर्सेट ताणून पिळवटतें. आधीं मांजरपाटाचें कच्चें कॉर्सेट धांवदोऱ्यानें जोडून अंगावर पाहावें. दोन्ही पदर जोडल्यावर उभ्या टिपा घालून त्यांत पट्ट्यांसाठीं बोगदे करावेत. मूळच्या पट्ट्या देवमाशाच्या तोंडांतील झालरीच्या किंवा पोलादाच्या असत. मीं विजेच्या तारा बांधण्यास वापरतात त्या रुंद प्लास्टिक पट्ट्या कापून, त्यांचीं टोकें गोल घासून घातलीं, आणि त्या उत्तम वाकल्या. पाठीमागें नाडीसाठीं पितळी रिंगा ठोकाव्यात. अशा धातूच्या रिंगा १८२८ पासून निघाल्या. त्यापूर्वीं भोंकें सुतानें काजाप्रमाणें बांधीत व ओढ पडली कीं तीं फाटत. मुलींना हा कपडा केवळ अंगाबरोबर बसेल एवढाच बांधावा. दीर्घ श्वास घेऊन गाणें म्हणतां आलें पाहिजे, ही माझी कसोटी आहे. वाढत्या वयाच्या मुलीची कंबर एका प्रवेशासाठीं इंचभरहि आवळण्याचें कारण नाहीं. खालीं घेर मोठा असला म्हणजे कंबर आपोआप बारीक दिसते.

चौथा घेर. पांच किंवा सहा कडीं, कंबरपट्ट्यापासून लोंबणाऱ्या उभ्या फितींना टांचलेलीं, असें त्याचें स्वरूप आहे. मीं प्रथम बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणिल्या होत्या. मुलगी खुर्चीवर बसली आणि एक कामटी कडकन मोडली. पोलादी कडें बसतांना सपाट मिटतें व उठतांच पूर्ववत् होतें. कामटीला तें साधत नाहीं. पोलादी पट्टी मिळाली तर उत्तम, न मिळाल्यास ठिबक सिंचनाची बारीक नळी घ्यावी. ती गुंडाळी करून येते म्हणून प्रथम उन्हांत सरळ करून घ्यावी. सर्वांत खालचें कडें सुमारें ११० इंच घेराचें असावें आणि जमिनीपासून सात-आठ इंच वर राहावें, नाहींतर चालतांना पाय त्यांत अडकतो. घेरावर एक साधा पांढरा परकर हवाच. तो नसेल तर झग्यावरून कड्यांच्या रेघा दिसतात आणि बाई कोंबड्यांच्या खुराड्यासारखी दिसते. परकर शिवणें आपणांस शिकवावयास नको.

एवढें झाल्यावर मुलीला हे सर्व कपडे घालून उभें करावें व मग टेप हातांत घ्यावी. कंबरेपासून जमिनीपर्यंत पुढून, बाजूनें व मागून अशीं तीन निरनिराळीं मापें घ्यावीं. घेरावरून हीं सारखीं येत नाहींत. आमच्या मुलीचीं शिवावयाचीं मापें पुढें ४०, बाजूला ४२ आणि मागें ४४ इंच अशीं आलीं.

आतां झग्याच्या खालच्या भागाची युक्ति पाहा. ती मला फार आवडली. ४५ इंच पन्ह्याचे चार सरळ पाट कापावे, सर्व एकाच लांबीचे. आमच्या हिशेबानें ४६ इंचांचा एक पाट, म्हणजे चार पाटांना १८४ इंच, पांच वारांहून थोडें अधिक. पाट किनारींना जोडले म्हणजे घेर सुमारें १७५ इंच होतो. प्रथम खालची कड पुरी करावी. ती सर्वत्र सरळच ठेवावी, पुढें आखूड करूं नये. मग कडेपासून वर मोजून पुढें ४०, बाजूला ४२, मागें ४४ अशी कंबरेची रेघ आंखावी, आणि तिच्या वरचें जास्तीचें कापड न कापतां आंत मोडावें. आखूडपणा वरून साधावयाचा, खालून नव्हे. त्यामुळें छापील नक्षी खालीं तिरपी होत नाहीं. आणि पुढें झगा मोठ्या मुलीला द्यावयाचा झाला तर वरची मोड सोडली कीं लांबी वाढते. मीं पहिल्या वेळीं वरचें कापड कापून टाकलें होतें, म्हणून मला सोडावयास कांहीं उरलें नाहीं. शेवटीं त्याच कापडाची झालर लावून उणीव झांकावी लागली. बघणारांनीं झालरीची फार वाखाणणी केली.

मोडलेल्या कडेला अर्ध्या इंचाच्या अंतरानें एकाखालीं एक असे दोन धांवदोरे घालावे. दोन्ही ओळींतील टाके अगदीं एकाखालीं एक आले पाहिजेत. दोरे ओढले म्हणजे १७५ इंच कापड कंबरेएवढें होऊन बारीक नळ्यांसारख्या उभ्या चुण्या पडतात. प्रत्येक चुणी कमरपट्ट्याला हातानें दोन दोन टाके घालून शिवावी. हें काम यंत्रावर होत नाहीं. खालच्या कडेला आंतून चार इंचांची साध्या कापडाची पट्टी आणि अगदीं काठावर लोकरीची फीत लावीत. रस्त्यावर घासून फीत झिजली कीं फक्त तीच बदलावयाची. आपल्याकडे साडीला फॉल लावतात त्यांतला विचार हाच.

वरचा भाग बेतणें सर्वांत कठीण. त्या काळीं खांद्याची शिवण खांद्यावर नसून मागें उतरलेली असे, बाही दंडावर खालीं बसे, आणि पाठीवरच्या दोन शिवणी काखेपासून कंबरेकडे वळत जात. पुढें दोन्ही बाजूंस दोन दोन टक. आपल्या पोलक्याचा नमुना घेऊन हें साधत नाहीं. मीं तोच घेतला होता. जॅनेट आर्नल्ड या विदुषीनें जुने झगे प्रत्यक्ष मोजून त्यांच्या बेतण्या चौकटींच्या कागदावर काढल्या. ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ हें तिचें पुस्तक १९६४ सालीं निघालें. तशी एखादी बेतणी मांजरपाटावर मोठी करून काढावी, कॉर्सेटवर चढवून टांचण्यांनीं नीट करावी, आणि मग तोच मांजरपाट उसवून अस्तर म्हणून वापरावा. प्रत्येक अस्तराचा तुकडा वरच्या कापडाला धांवदोऱ्यानें सपाट टांचून दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवावें. बाहीच्या व गळ्याच्या कडेला उरेबी पट्टींत सुतळी घालून बारीक मगजी बसवावी. ती शोभेची दिसली तरी शिवणीवरचा ताण तीच सोसते. दिवसाचा झगा पुढून हुकांनीं बंद होई. बाही कोपराखालीं रुंद उघडी ठेवून आंतून पांढरी खोटी बाही टांचावी. ती आणि कॉलर तेवढीं काढून धुतां येतात.

हें सर्व हातानेंच शिवलें पाहिजे काय, असें एका पालकांनीं मला विचारलें. एलियस हाऊ यानें १८४६ सालीं व सिंगर यानें १८५१ सालीं शिलाईयंत्राचें पेटंट घेतलें. तेव्हां १८६० च्या झग्याच्या लांब शिवणी यंत्रावर घालण्यांत खोटेपणा नाहीं. १८४५ चा झगा असेल तर मात्र सुईच धरावी. रंगाचेंहि असेंच आहे. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें १८५६ सालीं दगडी कोळशाच्या डांबरापासून क्विनीन करण्याच्या खटपटींत जांभळा रंग शोधून काढला. त्यानंतर भडक रंगांची लाट आली. त्यापूर्वींच्या सालासाठीं तसलें झगझगीत जांभळें कापड घेऊं नये.

एक गोष्ट मात्र मी सर्वांत आग्रहानें सांगतें. आमच्या प्रवेशांत नाइटिंगेल हातीं दिवा घेऊन येते, आणि तो खऱ्या ज्योतीचा असावा अशी मुलींची हौस होती. घेराचा झगा अंगापासून दोन हात दूर असतो. त्याला कोठें काय लागलें हें घालणारीला कळत नाहीं, आणि आंत हवा असल्यामुळें सुती कापड क्षणांत पेटतें. कवि लाँगफेलो याची पत्नी फॅनी १८६१ सालच्या जुलैंत घरांतच झग्याला आग लागून वारली. ती विझवितांना कवीहि भाजला. नाइटिंगेलनें त्याच पुस्तकांत, या वेडगळ चालीपायीं किती बायका जळून मरतात त्याची नोंद सरकारी निबंधकानें जाहीर करावी, असें रागानें लिहिलें आहे. आम्ही दिव्यांत विजेरीचा लहान गोळा बसविला व त्यावर पिवळा कागद लावला. रंगभूमीवर समई, मेणबत्ती, उदबत्ती यांपैकीं कांहींहि असेल तर घेर घालूं नये.

वेळेचा अंदाज द्यावयाचा तर, रोज दोन तास बसल्यास आंतील कपड्यांना एक महिना व झग्याला एक महिना लागतो. दिवाळीच्या सुटींत शेमीज, तुमान आणि कॉर्सेट उरकावें, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस झग्याचे शेवटचे हुक लागतात. घालतांना क्रम असा: शेमीज, तुमान, मोजे आणि बूट, मग कॉर्सेट, घेर, परकर व झगा. बूट आधीं, कारण कॉर्सेट बांधल्यावर खालीं वाकून बुटाच्या नाड्या बांधतां येत नाहींत. आमच्या मुलीनें बूट विसरून सर्व पोशाख चढविला, आणि पडदा उघडण्याच्या घंटेला तिची आई गुडघे टेकून घेराखालीं शिरून तिचे बूट बांधीत होती.